पाऊस, व्हाया झाड!

ढगातून निघालेला थेंब थेट जमिनीवर येत नाही, वाटेत झाडावर एक हॉल्ट घेतो. त्या हॉल्टमध्ये तो काय काय उचलतो? येऊरच्या जंगलात त्या ऐवजाचं काय होतं? आणि तोच थेंब आपल्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर पडला तर? एक भिजलेली, पण मस्त खतपाणी घातलेली गोष्ट...

ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांना पावसाबद्दल कोणी काही शिकवायला जाऊ नये. कुठल्या सबवेत किती वाजता पाणी भरणार, कुठल्या प्लॅटफॉर्मचा पत्रा नेमका कुठे गळतो आणि ‘गाड्या उशिराने धावत आहेत’ म्हणजे नक्की किती उशिराने, याचा डेटाबेस प्रत्येकाच्या डोक्यात फिट्ट असतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणारी ही माणसं. तरीही एक थेंब आपल्या नजरेतून कायम सुटतो.

पाऊस थांबलेला असतो. छत्री मिटलेली असते. आपण रस्त्याकडेच्या झाडाखालून चाललेले असतो आणि मानेवर टप्पकन एक जाडजूड थेंब पडतो. आपण वैतागून वर बघतो, कॉलर झटकतो आणि पुढे जातो. पण बॉस, हा थेंब ढगातून पडलेल्या थेंबापेक्षा वेगळा आहे. आकाराने मोठा, कारण पानाच्या टोकाशी बरेच छोटे थेंब एकत्र जमून तो तयार झालाय. रंगाने किंचित पिवळट. आणि आत ऐवज भरपूर! साखर, पोटॅशियम, टॅनिन, धूळ, परागकण, किड्यांची विष्ठा, बुरशीचे बीजाणू... लिस्ट मोठी आहे. घराच्या छपरावरून गळतात त्या पागोळ्या, तर ही झाडाची पागोळी. शास्त्रज्ञ तिला ‘थ्रूफॉल’ म्हणतात आणि जंगल कशावर जगतं या प्रश्नाचं अर्ध उत्तर तिच्यात दडलंय.

स्लो, फास्ट आणि कॅन्सल

झाडावर पडलेला पाऊस खाली कसा येतो, हे समजायला लोकलचं टाइमटेबल पुरेसं आहे.

काही थेंब पानांच्या फटींतून कुठेही न थांबता खाली येतात. ही झाली फास्ट. काही थेंब पानावर टेकतात, पसरतात, दुसऱ्या पानावर उडी मारतात, तिथून तिसऱ्यावर, आणि मग खाली. ही स्लो, प्रत्येक स्टेशनला थांबणारी. या दोन्ही मिळून थ्रूफॉल. तिसरा प्रकार फांदीवरून बुंध्याकडे येणाऱ्या पाण्याचा. सालीच्या खाचाखोचांतून ओघळत ते बरोबर मुळाशी उतरतं. याला म्हणतात ‘स्टेमफ्लो’. हे पाणी प्रमाणात थोडं, बहुतेक झाडांत एकूण पावसाच्या काही टक्के इतकंच. पण सगळं एकाच जागी, बुंध्यापाशी येत असल्यामुळे ते झाडाच्या दृष्टीने होम डिलिव्हरीच. आणि उरलेले थेंब? ते पानावर बसल्या बसल्याच वाफ होऊन परत जातात. कॅन्सल! जंगल कुठलं, पाऊस रिमझिम की धुवाधार, यावर हा आकडा बदलतो, पण साधारण दहा ते तीस टक्के पाऊस असा जमिनीला न भेटताच परततो.

आता पिंपळाचं पान आठवा. शाळेत वहीत जाळी करून ठेवलेलं. त्याला ते लांबलचक शेपूट असतं ना, ते नुसतं शोभेचं नाही. पानावरचं पाणी टोकाकडे आणून झटकन खाली सोडायला त्याचा उपयोग होतो. भरपूर पावसाच्या प्रदेशातल्या कितीतरी झाडांच्या पानांना अशी टोकं असतात.

थेंबाच्या सॅकमध्ये काय काय?

ढगातून येणारं पाणी अगदीच कोरं नसतं, पण बरंच स्वच्छ असतं. त्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरला साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास. तेच पाणी पानांतून गाळून आलं की हा आकडा सहज पाच, दहा, वीस मिलिग्रॅमपर्यंत जातो. बुंध्यावरून ओघळलेल्या पाण्यात तर त्याहून जास्त, कधीकधी शंभराच्याही वर. म्हणजे हॉल्ट काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा, पण शॉपिंग जोरात.

हा माल येतो कुठून? सोर्स तीन.

पहिला सोर्स हवा. पान म्हणजे एक पसरलेला हात आहे आणि त्यावर दिवसरात्र काही ना काही येऊन बसत असतं. धूळ, समुद्रावरून आलेलं मीठ, धुराचे कण, परागकण. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे असे आठ महिने हे साठत जातं. मग मृगाची पहिली सर येते आणि सगळं एकदम धुऊन काढते. पहिल्या सरीतलं पाणी सगळ्यात गढूळ, सगळ्यात ‘रिच’. नंतर जुलैमध्ये तीन-तीन दिवस संततधार लागली की पान स्वच्छ होतं आणि थेंब फिका पडत जातो. चहाच्या एकाच पुडीत पाचव्यांदा गरम पाणी घातल्यासारखा.

दुसरा सोर्स खुद्द पान. आपल्याला वाटतं पानाचं कातडं वॉटरप्रूफ असतं. असतं, पण रेनकोटसारखं. बराच वेळ उभं राहिलं की आत-बाहेर झिरपतंच! पानातलं पोटॅशियम सगळ्यात आधी बाहेर पडतं, कारण ते पेशीच्या भिंतीत पक्कं बांधलेलं नसतं, पाण्यात मोकळं फिरत असतं. त्यामुळे बऱ्याच जंगलांत जमिनीला मिळणारं पोटॅशियम पालापाचोळ्यापेक्षा या ओघळांतूनच जास्त येतं. कॅल्शियम मात्र पेशीभिंतीला चिकटून बसतं, ते बहुतांश पान गळून कुजल्यावर सुटतं. पोटॅशियमसोबत साखरा, आम्लं आणि चहाला तुरटपणा देणाऱ्या टॅनिनच्या जातीतली द्रव्यंही निघतात. ‘द लीचिंग ऑफ सबस्टन्सेस फ्रॉम प्लांट्स’ नावाचा एच. बी. ट्युकी यांचा गाजलेला आढावा १९७० मध्येच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे फंडा नवा नाही, आपलंच लक्ष नव्हतं.

तिसरा सोर्स झाडावरचे भाडेकरू. मुंग्या, अळ्या, कावळे, वटवाघळं, शेवाळ, बुरशी, आमरी म्हणजे ऑर्किड, आणि गोडा मसाल्यातलं आपलं दगडफूल! दगडफूल हे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र कुटुंब. मुळं नसलेलं. त्यामुळे जेवण येतं ते बहुतांश पावसाच्या पाण्यातून आणि हवेतल्या धुळीतून. हे सगळे भाडेकरू थेंबातून काही घेतात, काही टाकतात. पानांवरचे सूक्ष्मजीव पावसातला नायट्रोजन वरच्या वर पळवतात आणि दुसऱ्या रूपात परत करतात. त्यामुळे काही जंगलांत पानांतून आलेल्या पाण्यात नायट्रोजन वाढलेला दिसतो, काहींत चक्क घटलेला.

आणि हो, झाडाखाली गाडी पार्क केल्यावर बोनेटवर जे चिकट-चिकट ठिपके दिसतात ना? कार वॉशवाल्याची चांदी करणारे? ते बहुतेक वेळा झाडाचा डिंक नसून मावा किंवा पिठ्या ढेकणासारख्या किडींनी झाडाचा रस पिऊन टाकलेलं साखरपाणी असतं. रेन ट्रीखाली हा अनुभव हमखास. युरोपातल्या जंगलांत झालेल्या मोजणीत अशी कीड लागलेल्या झाडांखालच्या पाण्यात सेंद्रिय कार्बन स्पष्ट वाढलेला आढळलाय. तुमच्या गाडीसाठी डाग, जमिनीतल्या जिवाणूंसाठी सरबत.

बारा टँकरचा हिशेब

थोडं गणित करू, घाबरू नका. समजा एखाद्या झाडाचा घेर आठ मीटर आडवा आहे. म्हणजे त्याची सावली साधारण ५० चौरस मीटरची, छोट्या वनबीएचकेएवढी. त्यावर मोसमात अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं सव्वा लाख लिटर. दहा हजार लिटरचे साडेबारा टँकर! त्यातलं ८० टक्के खाली आलं असं धरलं तर एक लाख लिटर. आपल्याकडच्या धो-धो पावसात थेंब फिका होतो हे लक्षात घेऊन लिटरमागे फक्त पाच मिलिग्रॅम कार्बन धरला, तरी एका पावसाळ्यात एक झाड अर्धा किलो कार्बन पाण्यात विरघळवून खाली पाठवतं.

अर्धा किलो म्हणजे फार नाही, असं वाटेल. पाचोळ्याचं वजन याच्यापेक्षा कितीतरी जास्त भरतं, हे खरंच. पण पाचोळा कुजायला महिने लागतात. हा अर्धा किलो मात्र आधीच विरघळलेला आहे. जमिनीतल्या जिवाणूंसाठी तो रेडी टू ड्रिंक. उन्हाळाभर निपचित पडलेली जमीन जूनमध्ये एकदम जागी होते, त्यात या पहिल्या घोटाचाही हात असतो.

शास्त्रज्ञांनी या द्रव्याला नावही छान दिलंय, ‘ट्री-डॉम’. डॉम म्हणजे पाण्यात विरघळलेला सेंद्रिय ऐवज. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराजवळ स्किडअवे नावाचं बेट आहे. तिथल्या ओक आणि सीडर या झाडांखालचं पाणी गोळा करून अॅरॉन स्टबिन्स, जॉन व्हॅन स्टॅन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या रेणूंची छाननी केली. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ओकच्या पानांतून ठिबकलेल्या पाण्यात साखरेसारखे हलके रेणू जास्त होते, तर ओकच्याच बुंध्यावरून ओघळलेलं पाणी जास्त रंगीत आणि त्यातल्या रेणूंची व्हरायटीही जास्त. एकाच झाडाची दोन वेगळी पेयं! आणखी एक गोष्ट सापडली. अर्धवट जळलेल्या पदार्थांत असतात तसे रेणूही त्या पाण्यात होते. म्हणजे कुठून तरी वाऱ्याबरोबर आलेला धूर झाडाने पकडून पाण्यात उतरवला असावा. हा मुद्दा लक्षात ठेवा, डोंबिवलीला गेल्यावर लागणार आहे.

त्यांचं म्हणणं असं की नदीतल्या सेंद्रिय द्रव्याचा अभ्यास नदीपासून सुरू करतात ते चूकच. नदीचा उगम डोंगरात नाही, झाडाच्या शेंड्यावर आहे. क्या बात है!

नाडकर्णीबाई झाडावर

झाडाच्या शेंड्यावर नक्की काय चाललंय हे बघायला कोणीतरी वर जायला हवं होतं. जे मोजके लोक सुरुवातीला गेले, त्यातलं एक नाव आपल्या ओळखीचं आडनाव घेऊन येतं : नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, आई न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबातली, बालपण मेरीलँड राज्यात. लहानपणी घरापुढच्या मेपलच्या झाडांवर चढून बसायची आवड, ती पुढे करिअर झाली.

वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावर धो-धो पावसाचं जंगल आहे. तिथल्या मेपलच्या फांद्या शेवाळाच्या जाडजूड गाद्यांनी लडबडलेल्या असतात. नाडकर्णी गिर्यारोहणाचे दोर लावून वर गेल्या आणि त्यांनी ती गादी उचलून बघितली. खाली चक्क माती! मेलेलं शेवाळ, अडकलेली पानं, धूळ आणि पाऊस यांनी वर्षानुवर्षं तयार केलेली. आणि त्या मातीत मुळं. कोणाची? त्याच झाडाची! खाली जमिनीत मुळं असताना झाडाने वर फांदीतूनही मुळं काढली होती. वर अडकलेलं खत खाली पोचायची वाट कोण बघणार? हा शोध १९८१ मध्ये ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात छापून आला.

पुढे त्या कोस्टा रिकातल्या मॉन्टेव्हर्डेच्या ढगाळ जंगलातही वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. मुलींना झाडावर चढणाऱ्या शास्त्रज्ञाची ओळख व्हावी म्हणून त्यांनी ‘ट्रीटॉप बार्बी’ तयार केली. २०१५ मध्ये काम करताना उंच झाडावरून पडून जबर जखमी झाल्या, बऱ्या झाल्या, पुन्हा कामाला लागल्या. सलाम!

आणि हे असं काही फक्त अमेरिकेत असतं असं समजू नका. सह्याद्रीतल्या झाडांवर ‘बाशिंग’ नावाचं नेचं उगवतं. नवरदेवाच्या कपाळावरच्या बाशिंगासारखं दिसतं म्हणून हे नाव. त्याला दोन प्रकारची पानं. हिरवी पानं अन्न तयार करायला. आणि तळाशी तपकिरी, कागदासारखी कडक पानं, जी कधीच झडत नाहीत. ती फांदीला टोपलीसारखी चिकटून वरून येणारा पाचोळा, विष्ठा, धूळ सगळं झेलतात. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि नेच्याची मुळं त्यावर ताव मारतात. झाडावर बसून स्वतःचा कंपोस्ट बिन चालवणारी ही वनस्पती पावसाळी ट्रेकला दिसली की फोटो काढण्याआधी दोन मिनिटं नीट बघा.

येऊरची थाळी

आता आपल्या घराजवळ येऊ. ठाणेकरांचं येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेची बाजू. आपल्यापैकी बहुतेकांसाठी येऊर म्हणजे उपवनवरून वर जाणारा घाट, वीकेंडचं चिकन आणि बिबट्याच्या गप्पा. पण पाटोणपाडा, जांभूळपाड्यासारख्या पाड्यांच्या अवतीभोवती साग, ऐन, पळस, काटेसावर, मोह, उंबर यांचं पानगळीचं जंगल आहे. मार्च-एप्रिलमध्ये निम्मं जंगल भगभगीत दिसतं आणि जूनअखेर ओळखू येत नाही इतकं हिरवं होतं.

हे जंगल उभं आहे उताराच्या जमिनीवर, काळ्या बसाल्टच्या कातळावर. त्यावर चार महिन्यांत अडीच मीटर पाणी कोसळतं. एवढ्या पाण्यात पोटॅशियमसारखा सहज विरघळणारा ऐवज खाडीपर्यंत धुपून जायला किती वेळ लागणार? तरीही जंगल टिकून आहे, ते या रोटेशनमुळे. मूळ खालून पोटॅशियम उचलतं, पान ते वापरतं, पाऊस ते पानातून खाली उतरवतो, आणि पाचोळ्याच्या थराखालची बारीक मुळं आणि बुरशीचं जाळं ते निसटायच्या आत परत खेचून घेतात. पगार आला की दुसऱ्या दिवशी ईएमआय कापला जातो तसं! खात्यात पडून राहत नाही, फिरत राहतं.

झाडाकडचं खत खाली आणायची ही आयडिया इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. ठाणे जिल्ह्यात आणि कोकणात भाताच्या रोपांसाठी ‘राब’ करतात. ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पाला, गवत आणि शेण पसरून उन्हाळ्यात ती जागा भाजायची आणि त्या राखेवर पहिल्या पावसात भात पेरायचा. पाऊस जे काम हळूहळू करतो, ते राबात एका दुपारी व्हायचं. अर्थात आग लावली की पोटॅशियम राखेत राहतं, पण नायट्रोजन धुराबरोबर उडून जातो. पावसाची पद्धत धीमी, पण चोख.

आणि जे पाणी जंगल सोडून पुढे जातं त्याचं काय? याच उद्यानात विहार आणि तुळशी तलाव आहेत. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये. मुंबईच्या नळाला आजही त्यांचं थोडं पाणी येतं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचं पाणी येतं ते भातसा, उल्हास, बारवी या नद्यांच्या खोऱ्यांतून. त्यांच्या वरच्या अंगाला सह्याद्रीची जंगलं. झाडाच्या पागोळ्यांतलं पिवळट द्रव्य लोहयुक्त मातीतून झिरपताना मातीच्या कणांना चिकटतं आणि पाणी बरंच नितळ होऊन ओढ्याला मिळतं. हे फिल्टरिंग फुकट चालू असतं. ते जिथे तुटतं, तिथे बिल शुद्धीकरण केंद्राकडे जातं. कारण पाण्यात सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर ते तुरटी टाकून आधी काढावं लागतं. नाही तर क्लोरीनबरोबर त्याची प्रक्रिया होऊन नको ती संयुगं तयार होतात. जंगलातला पाचोळा आणि तुमच्या किचनमधला नळ यांच्यात इतकं जवळचं नातं आहे.

डोंबिवलीचं पान काय सांगतं?

आता चला डोंबिवलीला. एमआयडीसीतल्या हवेबद्दल डोंबिवलीकरांना वेगळं काय सांगायचं? जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवट रंगाचा पाऊस पडल्याच्या बातमीने खळबळ उडाली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः बघायला आले. या दोन्ही गोष्टी टीव्हीवर दिसल्या, कारण त्यांना रंग होता. पण बिनरंगी ऐवजही रोज खाली बसत असतो. गाड्यांच्या धुरातून नायट्रोजनची संयुगं, कारखान्यांतून आणि डिझेलमधून गंधकाची, शिवाय काजळी आणि बांधकामांची सिमेंटी धूळ.

पान हे सगळं झेलतं. बोडक्या जमिनीपेक्षा झाड हवेतून कितीतरी जास्त कण गाळतं, कारण एका झाडावर पानांचे थरच्या थर असतात. म्हणून रस्त्याकडेच्या झाडाखालचं पाणी म्हणजे त्या भागातल्या हवेचा रिपोर्टच. पाऊस आम्लधर्मी असेल तर बरीच रुंदपर्णी झाडं त्याची धार कमीही करतात. पान ते आम्ल घेतं आणि बदल्यात पोटॅशियम, कॅल्शियम देतं. पण ही देवाणघेवाण फुकट नाही. झाड स्वतःच्या खिशातून पैसे भरतंय. मुळांना खालून भरपाई मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर झाड हळूहळू कंगाल होत जातं. आपल्याला ते दिसतं तेव्हा शेंडा वाळलेला असतो आणि आपण म्हणतो, ‘अरे, हे झाड अचानक कसं गेलं?’

तेच पाणी, दोन पत्ते

आणि इथे खरी गोम आहे. येऊरमध्ये पागोळीचा पत्ता आहे माती. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, कल्याणच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये, डोंबिवलीच्या रुंद केलेल्या रस्त्यावर तिचा पत्ता आहे पेव्हर ब्लॉक. बुंध्याला घट्ट आवळून बसवलेले, कधी थेट सिमेंटने लिंपलेले. झाडाने वर्षभर जमवलेलं पोटॅशियम, नायट्रोजन, फॉस्फरस, साखर सगळं त्या ब्लॉकवर पडतं, दोन फुटांवरच्या गटारात जातं, तिथून नाल्यात आणि मग तलावात किंवा खाडीत.

जंगलात जे खत, तेच तलावात गेलं की प्रदूषण. फॉस्फरस आणि नायट्रोजन मिळाले की शैवाल माजतं, पाणी हिरवं होतं, शैवाल कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. ‘तलावांचं शहर’ म्हणवणाऱ्या ठाण्याला हे सांगायला नको. सांडपाणी हा यातला मोठा आरोपी आहेच, पण रस्त्यावरून वाहून जाणारा झाडांचा ऐवजही छोटा नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात हे मोजून पाहिलं गेलं. पानगळीच्या दिवसांत रस्त्यावरची पानं वेळच्या वेळी उचलली, तर पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारा फॉस्फरस ८० टक्क्यांहून जास्त कमी झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा.

म्हणजे नुकसान डबल. झाड उपाशी आणि तलावाला अजीर्ण. वर आपण ‘गार्डन फेसिंग’च्या नावाखाली एक्स्ट्रा पैसे मोजून झाडाकडे बघत चहा पितो आणि सोसायटीची बाग मात्र पोत्यातून आणलेल्या खतावर चालते.

आळं नावाची आयडिया

यावरचा उपाय शोधायला जॉर्जियाला जायची गरज नाही. आजोबांच्या वाडीत जा. प्रत्येक माडाला, पोफळीला, आंब्याला आळं केलेलं असायचं. बुंध्याभोवती गोल खळगा, त्यात पाचोळा. पाणी बाहेर पळू नये, खत मुळाशी राहावं, एवढाच सोपा हिशेब. आता शहराच्या कागदपत्रांतही तेच वेगळ्या भाषेत आलंय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचे आदेश दिले. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुनी झाडं ‘हेरिटेज’ ठरली. कायदा झाड तोडण्याबद्दल बोलतो. पण झाड उभं असताना त्याचं ताट काढून घेणं, ही दिसायला सभ्य आणि चालायला सोयीची तोड आहे.

म्हणून तीन छोट्या गोष्टी.

एक, सोसायटीच्या आवारातल्या प्रत्येक झाडाभोवती निदान एक मीटर माती उघडी. ब्लॉक काढताना पहार, ब्रेकर नको, हाताने काढा. वरच्या बारीक मुळांवरच सगळा खेळ आहे.

दोन, पाचोळा झाडायचा तो रस्त्यावरून आणि गटाराच्या तोंडापासून. झाडाखालच्या मातीवरून नाही. रस्त्यावरचा गोळा करून आळ्यात टाका. जाळायचा तर अजिबातच नाही. जाळलेल्या पाचोळ्याचा धूर शेवटी शेजारच्या झाडाच्या पानावर आणि आपल्या फुप्फुसात जाऊन बसतो.

तीन, मे महिन्यात बुंध्याला चुना-गेरू फासण्याचा उत्साह असेल तर जरूर फासा, पण आधी आळं मोकळं करा. मेकअपपेक्षा जेवण महत्त्वाचं!

वीकेंड प्रोजेक्ट : दोन बरण्या, एक मीटर

विश्वास बसत नसेल तर करून बघा. खर्च जवळपास शून्य.

* एकसारख्या दोन रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या स्वच्छ धुऊन, कोरड्या करून घ्या.
* एक बरणी गच्चीवर मोकळ्या आकाशाखाली ठेवा, दुसरी झाडाच्या दाट फांदीखाली. जमिनीवरची माती उडू नये म्हणून दोन्ही स्टुलावर ठेवा.
* एका सरीनंतर दोन्ही आणून पांढऱ्या कागदापुढे धरा. झाडाखालच्या पाण्यावर चहाची हलकी झाक दिसली तर ते सेंद्रिय द्रव्य.
* वॉटर प्युरिफायरवाल्याकडे असतो तो टीडीएस मीटर दोन्हींत बुडवा. तो फक्त क्षार मोजतो, साखर किंवा टॅनिन त्याला कळत नाही. तरी आकड्यांतला फरक बोलका असतो.
* हेच जूनच्या पहिल्या सरीत आणि मग जुलैच्या संततधारेत करा. आकडा खाली येताना दिसेल.
* शक्य असेल तर एक झाड हमरस्त्यावरचं आणि एक आतल्या गल्लीतलं घ्या. मग आपण कुठे राहतो ते कळेल.
* पाणी प्यायचं नाही. कुंडीत ओता, तुळस थँक यू म्हणेल.

आकडे आले की ते मोबाइलमध्येच ठेवू नका. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंग, लिफ्ट आणि पाण्याचा टँकर हे तीन विषय होणारच आहेत. चौथा विषय तुम्ही टाका : आळं. खर्च किती, असं सेक्रेटरी विचारतील. सांगा, आठ-दहा ब्लॉक काढायची मजुरी. बाकीचं सगळं वरून फ्री येतंय.